बन्नी: गवताचा मुलूख बाभळीचा कसा झाला?

माळरान (धागाकर्ता)

भुज सोडून उत्तरेला निघालं की कच्छची खडकाळ मुख्य भूमी संपते आणि मोठं रण सुरू व्हायच्या आधी एक सपाट पट्टा लागतो. तो बन्नी. क्षेत्र साधारण २५०० चौरस किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ३ ते १० मीटर. पाऊस सरासरी तीनेकशे मिलिमीटर, आणि तोही भरवशाचा नाही. पन्नासच्या आतबाहेर वस्त्या, चौरस किलोमीटरमागे दहाएक माणसं. राहणारे बहुतेक मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे: जत, मुतवा, हालेपोत्रा, रायसीपोत्रा, नोडे, हिंगोरजा, सुमरा. त्यांच्याबरोबर कातडं कमावणारे आणि विणकाम करणारे मेघवाळ. पिढ्यान् पिढ्या शेती नाही, गुरं हाच संसार.

संस्थानकाळात गवतासाठी नाव असलेला हा मुलूख आज निम्म्याहून जास्त वेड्या (विलायती) बाभळीखाली आहे. याचं कारण कुणी दुष्काळ सांगतं, कुणी गुरांची बेसुमार संख्या, कुणी सिंधूचं तुटलेलं पाणी. माझं मत असं की खरं कारण कारभारात आहे: जिथे माणूस विरळ दिसला, तिथली जमीन मोकळी पडलीय असं धरून निर्णय झाले. मत चुकीचं वाटत असेल तर जरूर खोडा, पण नुसतं मत नको, तपशील द्या.

जुनी_दफ्तरं

चांगला विषय. क्रमाने जाऊ.

कच्छच्या रावांच्या अमलात बन्नीत नांगर घालायला मनाई होती. दुभत्या जनावरांसाठी राखलेलं कुरण म्हणून ते सांभाळलं जाई आणि चराईबद्दल गुरांमागे ‘पंचरी’ नावाचा कर घेत. मेंढ्या-शेळ्यांना बन्नीत मज्जाव होता. त्यामागे शास्त्र आहे. गाय-म्हैस जिभेने गवताला वेढा घालून वरचा भाग तोडते, बुडखा शिल्लक राहतो. मेंढी ओठ-दातांनी पार जमिनीलगत कुरतडते. खारवट जमिनीत बुडखा उघडा पडला, वरून ऊन लागलं की मीठ पृष्ठभागावर येतं आणि ते ठोंब पुन्हा फुटत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कच्छ केंद्राच्या ताब्यात गेलं आणि १९५० मध्ये ‘क’ वर्ग राज्य झालं. १९५५ साली बन्नी ‘संरक्षित वन’ म्हणून जाहीर झालं. १९२७ च्या वन कायद्याचं कलम २९ म्हणतं की अशी अधिसूचना काढण्याआधी त्या जमिनीवर लोकांचे कोणते हक्क आहेत याची चौकशी करून नोंद करावी. चौकशीला फार वेळ लागणार असेल तर आधी अधिसूचना काढण्याची मुभा आहे, पण त्याने आधीचे हक्क बुडत नाहीत. बन्नीत ही हक्कनोंदणी दशकानुदशकं राहूनच गेली. कागदावर वन, व्यवहारात महसूल खात्याचा कारभार, अशी १९९८ पर्यंतची अवस्था. त्या साली ताबा वन खात्याकडे देण्याचं ठरलं. म्हणजे चराई करणाऱ्याचा हक्क कुठल्याच दप्तरात नीट लिहिला गेला नाही. माळरान, तुमच्या मुद्द्याला इथे आधार मिळतो.

नकाशावाला

कारभाराचा मुद्दा मान्य, पण पाण्याला एवढ्या सहज बाजूला सारू नका. १६ जून १८१९ च्या भूकंपात रणाच्या वायव्य भागात जमीन उचलली गेली आणि ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत उंचीचा बांध तयार झाला. लोकांनी त्याला अल्लाबंद म्हटलं. माणसाने न बांधलेला, म्हणून. त्याच्या दक्षिणेला सिंदरीचा किल्ला आणि भोवतालचा भाग खचून पाण्याखाली गेला. सिंधूचा पूर्वेकडचा फाटा कच्छकडे यायचा, त्याची वाट बंद झाली. त्याआधीच, १७६२ च्या झाऱ्याच्या लढाईनंतर, सिंधच्या गुलामशाह कल्होराने त्याच फाट्यावर बांध घालून पाणी अडवलं होतं. लखपत भागातली भातशेती त्यातच गेली.

खारी_नदी

नकाशावाला, तुम्ही दिलेला इतिहास बरोबर आहे, पण तो लखपतचा आहे. लखपत पश्चिमेला, कोरी खाडीच्या तोंडाशी. बन्नीची माती सिंधूच्या गाळाची असली, तरी गेली दोनशे वर्षं तिथलं गवत वाढतंय ते मुख्यतः दक्षिणेकडून, कच्छच्या डोंगरांतून उतरणाऱ्या छोट्या नद्यांवर आणि पडणाऱ्या पावसावर. खारी, निरोणा, कायला अशा नद्या पावसाळ्यात बन्नीत येऊन पसरतात. त्यांना पुढे समुद्र नाही. पाणी पसरट खोलगटांत आठवडे साचून राहतं, जमिनीतलं मीठ विरघळवून खाली नेतं, आणि पाणी ओसरलं की ओलीवर गवत येतं. मीठ धुणारं हे गोडं पाणी हाच बन्नीचा प्राण.

साठच्या दशकापासून या नद्यांवर धरणं झाली. भुजजवळचं खारीवरचं रुद्रमाता, निरोणाचं धरण, आणि इतर. मुख्य भूमीवरच्या शेतीला ते पाणी मिळालं, त्यात वावगं काही नाही. पण बन्नीत पोचणारा पूर कमी झाला आणि मिठाची धुलाई कमी झाली. १८१९ मध्ये गवत संपलं असतं तर १९४७ पर्यंत सिंधच्या व्यापाऱ्यांनी बन्नीचे बैल विकत घेतले नसते.

नकाशावाला

मान्य. मी लखपत आणि बन्नी एकाच दोरीला बांधले. धरणांचा मुद्दा जास्त जवळचा आहे.

मुलुंडचा_कच्छी

सिंधचा विषय निघालाच आहे तर. फाळणीपूर्वी बन्नीची बाजारपेठ भुज-मुंबईपेक्षा सिंध होती. तूप आणि कांकरेज जातीचे बैल तिकडे जात. दुष्काळ पडला की कळपही तिकडे जात, कारण रण ओलांडलं की सिंधूच्या कालव्यांचा मुलूख. १९४७ ला सरहद्द आखली गेली, १९६५ च्या युद्धानंतर ती पार बंद झाली. दुष्काळातली पळवाट गेली आणि बैलांचं गिऱ्हाईकही गेलं. गायींची जागा म्हशींनी घेतली त्यामागचं हे एक मोठं कारण. बैलाला मागणी नसेल तर गाय कोण पोसणार?

या भागात आणखी एक गोष्ट घडली जी महाराष्ट्रात फारशी बोलली जात नाही. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी रणातल्या भारत-पाकिस्तान सीमावादावर कच्छ लवादाने निवाडा दिला. अध्यक्ष स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन, सोबत युगोस्लाव्हियाचे बेबलर आणि इराणचे एंतेझाम. वादातल्या साधारण ३५०० चौरस मैलांपैकी सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला मिळाला, आणि त्यात धारा बन्नी आणि छाड बेट होती. ही दोन्ही रणाच्या उत्तर काठावरची गवताळ बेटं. तिथे सिंधकडच्या गुराख्यांची वहिवाट होती, हा पाकिस्तानच्या बाजूचा महत्त्वाचा मुद्दा होता. माणूस राहत नसलेल्या जमिनीत कुणाची गुरं चरतात यावरून देशाची सीमा ठरते, हे लक्षात घ्या.

निवाड्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत मधू लिमये होते. न्यायालयाने जानेवारी १९६९ मध्ये सांगितलं की हे सीमेच्या वादाचं निराकरण आहे, भूभाग देऊन टाकणं नव्हे, त्यामुळे घटनादुरुस्तीची गरज नाही.

(धारा बन्नी आणि आपण बोलतोय ती बन्नी वेगळ्या. नावावरून घोळ होतो.)

शुभदा_पुणे

छान चाललाय धागा, वाचतेय. एक प्रश्न: कच्छ काही काळ मुंबई राज्यात होतं ना? मग ही बाभूळ आपल्याच सरकारने लावली म्हणायची का?

जुनी_दफ्तरं

कच्छ १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० द्वैभाषिक मुंबई राज्यात होतं. संरक्षित वनाची अधिसूचना त्याआधीची, १९५५ ची. मोठी लागवड त्यानंतरची, १९६१ ची, गुजरात राज्य झाल्यावर. म्हणजे दोन्ही मोठे निर्णय मुंबई राज्याच्या कालखंडाबाहेर पडतात.

हिरवा_फेटा

वन खात्याची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहितो. १९६१ साली बन्नीत ३१,५५० हेक्टरवर विलायती बाभूळ लावली गेली. हेतू स्पष्ट होता: रणाचं मीठ वाऱ्याबरोबर दक्षिणेला सरकतंय, त्याला अडसर हवा. त्या काळी उपलब्ध झाडांत खारट जमीन, तीनशे मिलिमीटर पाऊस आणि पन्नास अंशाजवळचं ऊन सोसणारं दुसरं काही नव्हतं. ही बाभूळ भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. जोधपूर संस्थानाने तर १९४० साली तिला शाही वृक्षाचा मान दिला होता. म्हणजे कच्छने काही वेडेपणा केला असं नाही, सगळ्या कोरड्या पट्ट्याचं तेच धोरण होतं. सोलापूर-नगरकडची ओढ्याकाठची वेडी बाभूळ हीच.

आज त्या झाडाला शिव्या देणं सोपं आहे. पण दुष्काळात बन्नीतल्या घराघरातली चूल तिनेच पेटती ठेवली, आणि शेंगांनी गुरं जगवली, हेही लिहायला हवं.

माळरान

हिरवा_फेटा, हेतूवर शंका नाही. पण ‘अडसर’ रणाच्या काठाला हवा होता. ती पसरली दक्षिणेला, गोड्या पाण्याच्या खोलगटांत, म्हणजे नेमकी सगळ्यात चांगल्या गवतावर. असं का झालं?

बीजांकुर

कारण बी नेणारी गुरंच आहेत. या बाभळीची शेंग गोड, पिकली की खाली पडते, जनावरं आवडीने खातात. बियांचं कवच इतकं कठीण की दातांतून निसटलेली बी पोटातल्या आम्लातून जाऊनही मरत नाही, उलट कवच मऊ होऊन ती उगवायला तयार होते. बाहेर पडते ती शेणाच्या गोळ्यात, खतासकट. जनावर शेंगा खाल्ल्यावर जातं कुठे? पाण्यावर आणि चांगल्या गवतावर. म्हणजे बी अचूक तिथेच पोचते. बन्नीत हा पसारा वर्षाला पंचवीसेक चौरस किलोमीटरने वाढत गेल्याचा अंदाज सर्रास दिला जातो.

एकदा रोप लागलं की सोटमूळ खोल खारट पाण्यापर्यंत जातं. गवताची मुळं वरच्या थरातली, त्यांच्याशी तिची स्पर्धा सावलीची आणि वरच्या ओलीची. दाट जाळीखाली जिंजवो उभा राहूच शकत नाही. (जिंजवो म्हणजे आपल्याकडचं मारवेल. धामण म्हणजे अंजन गवताच्या कुळातलं.) रणाकडच्या अतिखाऱ्या भागात मात्र बाभूळही तग धरत नाही, तिथे लाणो (खाऱ्या जमिनीतलं झुडूप) आणि खारं गवतच. म्हणून अडसर जिथे हवा होता तिथे तो विरळ राहिला.

गोठा_आणि_दवा

शेंगांनी गुरं जगवली, हे अर्धं खरं. गाय आणि म्हैस यांच्यातला फरक बघायला हवा. पिकलेल्या शेंगेत साखर भरपूर आणि प्रथिनं बारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे खाद्य म्हणून ती वाईट नाही. पण खुराकात अर्ध्याहून जास्त शेंगा महिनोन् महिने गेल्या की गायीला त्रास होतो. शेंगेतल्या अल्कलॉइडमुळे जबड्याच्या नसा निकामी होतात, स्नायू झडतात, जनावर डोकं एका बाजूला कलतं करून चघळत राहतं पण घास गिळता येत नाही, लाळ गळते, शेवटी उपासमारीने मरतं. ब्राझीलच्या कोरड्या भागात गायींमध्ये हाच रोग नोंदलेला आहे. बन्नीतले मालधारी सांगतात की शेंगांनी गायी मेल्या, म्हशींनी पचवल्या. सरहद्द बंद झाल्याने बैलाचा बाजार गेला आणि बाभळीने गाय मारली, या दोन गोष्टी एकाच काळात झाल्या.

शेंगा वापरायच्याच असतील तर वाळवून भरडाव्यात. वाळल्या नाहीत तर भरड्याला चिकटतात, म्हणून दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं आणि सकाळच्या दमट हवेत भरडायचं नाही. भरडल्यावर बीही मरते, त्यामुळे शेणातून पसार थांबतो. खुराकात एकूण वजनाच्या वीस-पंचवीस टक्क्यांवर जाऊ नये.

खिल्लारी

गुरांची संख्या जास्त झाली या मुद्द्यावर अजून कुणी आकडेमोड केली नाही, म्हणून करतो.

५०० किलोची म्हैस रोज वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा खाते, म्हणजे १२.५ किलो. वर्षाला साधारण साडेचार टन. बन्नी अडीच लाख हेक्टर. निम्मं बाभळीखाली गेलं असं धरलं तर उरलं सव्वा लाख. मध्यम पावसात हेक्टरी एक टन कोरडं गवत धरू, त्यातलं निम्मं बुडख्याला आणि बियाण्याला सोडायचं. खाण्याजोगं झालं ६२,५०० टन. साडेचारने भागा: चौदा हजारांच्या आत म्हशी.

आता बाभूळ नाही आणि पाऊस चांगला, हेक्टरी दोन टन, असं धरा. अडीच लाख टन खाण्याजोगं, पंचावन्न हजार म्हशी. म्हणजे एकाच भूमीची ताकद चौपट बदलते. हेक्टरी उत्पादन मी धरलेलं आहे, मोजलेलं नाही, पण प्रमाण बघा. ‘गुरं जास्त झाली’ म्हणणारा खाली जमीन किती उरली ते सांगत नाही.

टपरीवरून

हा हिशोब म्हशींना वाचून दाखवू नका, आजच सामान बांधतील. :)

मुलुंडचा_कच्छी

टपरीवरून, त्या खरंच बांधतात. दुष्काळात बन्नीतले कळप दक्षिण कच्छ आणि सौराष्ट्रात जातातच. म्हणून खिल्लारी यांच्या हिशोबात एक दुरुस्ती: बन्नीत बाराही महिने सगळी जनावरं चरतात असं कधीच नव्हतं. चांगल्या साली बाहेरचे कळप आत येत, वाईट साली आतले बाहेर जात. सरासरीवर आखलेली गुरांची मर्यादा अशा मुलखात नेहमी चुकते.

खिल्लारी

बरोबर. वर्षाऐवजी चार-पाच महिन्यांचा हिशोब करायला हवा, मग संख्या दुपटीच्या वर जाईल. मुद्दा प्रमाणाचा होता.

गोठा_आणि_दवा

बन्नी म्हशीबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण या मुलखाचं सगळं शहाणपण त्या जनावरात साठलंय. शिंगं उभी, आत वळून एक किंवा दोन वेटोळी घेणारी. दूध जोमात असताना दिवसाला १२ ते १५ लिटर, तेही चरून आलेल्या जनावराचं. तिची ओळख म्हणजे रात्रीची चराई. म्हशीच्या काळ्या कातडीला ऊन सोसत नाही, घामग्रंथीही गायीच्या मानाने कमी. म्हणून संध्याकाळची धार झाली की कळप गुराख्याशिवाय बाहेर पडतो, रात्रभर काही किलोमीटर चरतो आणि पहाटे धारेच्या वेळी आपापल्या वाड्यावर परततो. रात्री गवतावर दव असतं, त्यातून पाण्याची गरजही थोडी भागते. वाट ओळखणं, पाणवठा लक्षात ठेवणं हे जुन्या म्हशींकडून पारड्या शिकतात. विकत आणलेली मुऱ्हा जातीची म्हैस या पद्धतीत लगेच रुळत नाही, ती वाट चुकते.

२०१० साली राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने बन्नीला देशातली अकरावी म्हैस-जात म्हणून मान्यता दिली. शतकानुशतकं निवड मालधाऱ्यांनी केली: कुठल्या म्हशीचा रेडा ठेवायचा, कुठला काढायचा, हे आईच्या दुधावर आणि रात्री परतण्याच्या सवयीवर ठरायचं.

अनुराधा_क

आणि दूध जायचं कुठे? एवढ्या लांबून नासत नसेल?

खारी_नदी

नासायचं, म्हणूनच आधी तूप. साडेसहा टक्के स्निग्धांशाच्या दुधाला किलोभर तुपासाठी साधारण पंधरा लिटर लागतात. रस्ते आल्यावर मावा. भिरंडियाराचा मावा खावड्याच्या वाटेवर प्रसिद्ध आहे. पाच लिटर म्हशीच्या दुधाला किलोभर मावा पडतो, तो दुधापेक्षा दूर जाऊ शकतो आणि आटवायला बाभळीचं जळण हाताशी. २००९ मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे सरहद डेअरी, सुरू झाल्यानंतर गावोगाव संकलन आणि थंड टाक्या आल्या, मग दूध दूध म्हणूनच विकता येऊ लागलं. पाणी, रस्ता आणि वीज या क्रमाने मालाचं रूप बदलत गेलं.

शुभदा_पुणे

पाण्याचं काय? सगळं खारट असेल तर माणसं-गुरं पितात काय? ‘विरडा’ असं काहीतरी वाचलं होतं.

खारी_नदी

विरडा ही या मुलखाची सर्वांत सुंदर युक्ती. खोलगटात, म्हणजे तलावाच्या तळात, पावसाचं पाणी मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत थर करून राहतं. मालधारी त्या थरापुरताच, तीन-साडेतीन मीटर खोल खड्डा घेतात. कडा ढासळू नयेत म्हणून आतून लाकडाचे ओंडके चौकटीसारखे एकावर एक रचतात आणि चौकटीमागे गवत ठासतात. गवतातून पाणी गाळून आत झिरपतं, माती मागे राहते.

चूक होते ती दोन प्रकारे. खोल खणलं तर थेट खारं पाणी लागतं. आणि उपसा घाईने केला, विशेषतः इंजिन लावून, तर गोडा थर पातळ होऊन खालचं खारं पाणी मधोमध वर उचललं जातं. मग तो विरडा बराच काळ वापरता येत नाही. म्हणून पोहऱ्याने, थोडं थोडं, आणि एकाच तलावात अनेक विरडे पाळीपाळीने. पुढच्या पावसात तलाव भरला की ते गाळाने बुजतात आणि पाणी आटल्यावर पुन्हा उकरतात. विरड्याच्या भोवती बाभूळ वाढली तर तिची मुळं तोच थर पितात.

पक्षीवेडा

विषयाला थोडी बगल देतो. बन्नीच्या पश्चिम कडेचं छारी ढंढ (उथळ तळं) हे गुजरातचं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र, २००८ मध्ये जाहीर झालेलं, २२७ चौरस किलोमीटर. हिवाळ्यात हजारो क्रौंच उतरतात. जवळच्या फुलाय गावाभोवती हायपोकोलियस हा पाहुणा पक्षी पिलू या देशी झाडाच्या फळांवर जगतो. बाभूळ काढताना यंत्र पिलूवर फिरलं तर त्याचं अन्न गेलं. हे काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

हिरवा_फेटा

पक्षीवेडा यांचा मुद्दा कोळशाच्या काळात खरा ठरला. २००४ मध्ये बन्नीत बाभळीचा कोळसा करायला परवानगी मिळाली. भट्टीची पद्धत सोपी: ओली-सुकी लाकडं उभी रचायची, वर गवताचा थर, त्यावर मातीचा लेप, तळाशी हवेची भोकं. आग लागली की भोकं एकेक बुजवत न्यायची, नाहीतर कोळशाची राख होते. चार-पाच किलो लाकडाला किलोभर कोळसा. लोकांच्या हाती रोख पैसा आला, जंगल झपाट्याने मोकळं होऊ लागलं. पण भट्टीत गेल्यावर देशी बाभूळ, खिजडो (आपली शमी) आणि विलायती बाभूळ यांच्यात फरक कळत नाही. देशी झाडंही गेली, आणि २००८ मध्ये बंदी परत आली. शिवाय झाड वरून तोडलं, मुळासकट नाही. एकाच्या जागी आठ-दहा फांद्यांची जाळी फुटली.

बीजांकुर

म्हणजे चार वर्षांत बाभूळ जास्तच दाट झाली. कारण फुटव्याचे डोळे जमिनीखाली, मूळ आणि खोड जुळतात तिथे असतात. तो गड्डा जमिनीत राहिला की कापणी म्हणजे छाटणीच.

काढायची असेल तर पद्धत अशी. वेळ फेब्रुवारी ते एप्रिल, शेंगा पडायच्या आत आणि जमीन कोरडी असताना. पावसात बन्नीच्या चिकणमातीत जेसीबी रुतून बसतो. गड्डा निदान वीत-दीड वीत खालून उचलायचा, त्याखालची मुळं राहिली तरी चालतात. पिलू, केरडा (देशी काटेरी झुडूप), शमी, देशी बाभूळ आधी रंग लावून खुणावून ठेवायची. खड्डे बुजवायचे, पण नांगरट अजिबात नाही, खालचं मीठ वर येतं.

पहिल्या पावसानंतर बाभळीची रोपं हजारोंनी उगवतात, कारण मातीत वर्षानुवर्षांचं बी आहे. वीतभर असताना ओल्या मातीतून हाताने उपटायची. हे पहिल्या वर्षी केलं आणि दुसऱ्या वर्षी सोडलं की सगळा खर्च पाण्यात. निदान चार पावसाळे मागे लागावं लागतं. बाहेर शेंगा खाऊन आलेलं जनावर पाच-सहा दिवस आत सोडायचं नाही.

गवताचं बी हेक्टरी चार-पाच किलो, ओलसर मातीत किंवा शेणात कालवून, म्हणजे वाऱ्यावर उडत नाही. सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही. धामणीचं ताजं बी उगवत नाही, वर्षभर जुनं घ्यावं. पहिल्या वर्षी बी पडेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या आसपासपर्यंत, चराई बंद. हवं तर कापून न्यावं.

अनुराधा_क

पण मोकळ्या केलेल्या जमिनीवर लोक शेतीच करायला लागले तर?

जुनी_दफ्तरं

तेच झालं. बाभूळ काढली, भोवती कुंपण घातलं, आणि काहींनी एरंड-गवार घेतली. सामाईक कुरणात एकाने कुंपण घातलं की दुसऱ्याच्या म्हशीची रात्रीची वाट बंद. आणि कुणाचा हक्क नोंदलेलाच नाही, मग अडवणार कोण?

२००६ च्या वन हक्क कायद्यात याचं उत्तर आहे. कलम ३ मध्ये चराईचा सामूहिक हक्क आहे, भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर आहे, आणि सामूहिक वनाचं रक्षण-व्यवस्थापन करायचा हक्कही आहे. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, वहिवाट दाखवावी लागते. पंचरीच्या जुन्या नोंदी इथे पुरावा म्हणून उपयोगी पडतात. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असाच सामूहिक हक्क मिळाला, मात्र तिथे बांबू होता, इथे गवत. बन्नीतल्या मालधाऱ्यांनी वैयक्तिक पट्टे मागितले नाहीत, अख्ख्या बन्नीवर एकत्र हक्क मागितला. गावागावांत वाटणी केली तर हे कुरण कुरण राहत नाही, हे ते ओळखून आहेत. त्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि मे २०२१ मध्ये लवादाने सहा महिन्यांत अतिक्रमणं काढायचा आदेश दिला.

हिरवा_फेटा

माळरान, मूळ प्रश्नाकडे येतो. मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. कारभार चुकला हे खरं, पण नद्या अडल्या नसत्या तर मीठ धुतलं गेलं असतं आणि गवताने बाभळीला जास्त टक्कर दिली असती. सरहद्द बंद झाली ती कुठल्याही वन अधिकाऱ्याच्या हातात नव्हती.

माळरान

सरहद्दीचा मुद्दा घेतो, त्याचा विचार मी केला नव्हता. पण धरण बांधतानाही बन्नी हिशोबात नव्हती. पुराचं पाणी ‘रणात वाया जातंय’ असं मानलं गेलं. वाया कुठे जात होतं, ते मीठ धूत होतं. म्हणून धरण आणि बाभूळ यांना मी एकाच चुकीचे दोन भाग मानतो.

एक विचारायचं आहे: बाभूळ नेमकी कधी, कुठल्या बाजूने पसरली हे घरबसल्या तपासता येईल का?

नकाशावाला

येईल. लँडसॅट उपग्रहाच्या १९७२ पासूनच्या प्रतिमा फुकट मिळतात. सुरुवातीच्या भरड, १९८४ पासूनच्या ३० मीटरच्या. पावसाळ्यानंतरची प्रतिमा घेऊ नका, तेव्हा गवत आणि बाभूळ दोन्ही हिरवी दिसतात. मे महिन्याची घ्या. तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि बाभूळ हिरवीच राहते, त्यामुळे वनस्पती निर्देशांकात (प्रतिमेतला हिरवेपणा मोजणारा आकडा) जे चमकतं ते बहुतेक बाभूळ. दर पाच वर्षांनी एक मे घ्या, पण त्याआधीचा पावसाळा अतिवृष्टीचा असलेली वर्षं टाळा, खोलगटांत ओल टिकून निर्देशांक फसवतो. पिलू आणि लाणोही मे महिन्यात हिरवे असतात. ते भाग वेगळे काढायला तिथल्या माणसाकडून निदान तीस-चाळीस ठिकाणांची खातरजमा लागेल. पक्षीवेडा, फुलाय बाजूची पिलूची ठिकाणं तुमच्याकडे असतील तर इथे टाका, तिथूनच सुरुवात करू.